ब्रँडशी जन्माची गाठ

ब्रँडशी नातं कसं टिकवावं याचा सल्ला द्यायचा अधिकार मला कुणी दिला, ते आधी सांगून टाकतो. मी क्रिएटर, म्हणजे सोशल मीडियावर व्हिडिओ टाकून ब्रँडांची जाहिरात करणारा. गेल्या 6 वर्षांत मी 11 ब्रँडांशी दीर्घकालीन भागीदारी केली आहे. त्यातली सर्वांत दीर्घ 19 दिवस टिकली, आणि त्यातले 12 दिवस ब्रँडच्या मॅनेजरबाई रजेवर होत्या. एवढा दांडगा अनुभव स्वतःपुरता दाबून ठेवणं बरं दिसत नाही.

सुरुवात ब्रँडकडे काम मागणाऱ्या पहिल्या मेलपासून. हा मेल एकदाच लिहावा आणि 40 जणांना पाठवावा. प्रत्येकाला वेगळं लिहायचं म्हणजे हा ब्रँड काय विकतो, कुणाला विकतो, याआधी कुणाबरोबर काम केलंय, हे सगळं बघत बसावं लागतं. तेवढ्या वेळात एक रील होते. मजकूर ठरलेला: ‘मी लहानपणापासून तुमचंच प्रॉडक्ट वापरतो.’ कंपनी 2 वर्षांपूर्वी सुरू झाली असेल तरी हरकत नाही, भावना पोहोचल्याशी कारण. कधीकधी नाव बदलायचं तेवढं राहून जातं. माझा एक मेल शाम्पूवाल्यांना गेला, त्यात त्यांच्या गादीवर मला किती गाढ झोप लागते याचं वर्णन होतं. त्यांचं उत्तर आलं नाही. गादीवाल्यांचंही आलं नाही, पण ते दुःख निराळं.

मग येतो मीडिया किट, म्हणजे ब्रँडला द्यायची आपली ओळख आणि आकडे. त्यात फॉलोअर्सचा आकडा एवढा मोठा टाका की बाकीच्या आकड्यांना पानावर जागाच उरणार नाही. रीच म्हणजे किती जणांपर्यंत पोहोचलं, सेव्ह, शेअर, बघणारे कुठल्या वयाचे आहेत, व्हिडिओ कितव्या सेकंदाला सोडून जातात, असल्या चौकशा संशयी माणसं करतात. अगदीच मागितलं तर ज्या महिन्यात तुमचं मांजर व्हायरल झालं होतं त्या महिन्याचा स्क्रीनशॉट द्या, तारीख कापून.

आणि फॉलोअर्स कमी पडत असतील तर ते विकतही मिळतात. बनावट फॉलोअर्स विकणाऱ्या डेव्हुमी नावाच्या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2019 मध्ये कारवाई केली आणि 25 लाख डॉलरवर तडजोड झाली. ती विकणाऱ्यावर होती, घेणाऱ्यांवर नव्हे, हे वाचून मी निर्धास्त झालो होतो. मग 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याच आयोगाने जाणूनबुजून विकत घेणाऱ्यांनाही नव्या नियमात ओढलं. तेवढं एक सोडलं तर कल्पना अजून चांगलीच आहे. विकतचे फॉलोअर्स निष्ठावान असतात, कधी उलट उत्तर देत नाहीत. खरेदीही करत नाहीत, पण तो ब्रँडचा प्रश्न.

आता करार. करार वाचायचा नसतो, त्यावर सही करायची असते. माझ्या एका करारात लिहिलं होतं की माझा चेहरा, आवाज आणि व्हिडिओ कंपनी ‘संपूर्ण विश्वात, अनंत काळापर्यंत, आज ज्ञात असलेल्या आणि यापुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांतून’ वापरू शकेल. ही काही माझ्यासाठी खास रचलेली कविता नव्हती. करमणूक आणि जाहिरात व्यवसायातल्या इंग्रजी करारांत हे कलम वर्षानुवर्षं असंच छापलं जातं. मी मात्र भारावून गेलो. जन्मदात्यांनीसुद्धा मला अनंत काळ सांभाळायचं कबूल केलेलं नाही. मोबदला एका रीलचा होता. विश्वाच्या मानाने थोडा कमी वाटला, पण नात्यात हिशेब कुणी करतं का? उद्या माणूस परग्रहावर उतरला आणि तिथल्या एखाद्या फलकावर मी केस झटकताना दिसलो, तर दचकू नका. ते कायदेशीर आहे.

काही किरकिरे लोक इथेच अडून बसतात. वापर किती महिने? फक्त तुमच्या पेजवर, की पैसे लावून जाहिरात म्हणूनही? माझ्या अकाउंटवरून जाहिरात चालवणार असाल तर त्याचे वेगळे किती? रीशूट किती वेळा? मी शूट केल्यावर तुम्हीच मोहीम रद्द केलीत तर काय? अशांना ब्रँड ‘प्रोफेशनल’ म्हणतात आणि पुढच्या मोहिमेला परत बोलावतात, म्हणजे यांना तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. बघा, काय हे कष्ट.

एक्सक्लुझिव्हिटीचं कलम त्याहून प्रेमळ. ‘6 महिने पर्सनल केअरमधल्या दुसऱ्या कुठल्याही ब्रँडचं काम करणार नाही.’ पर्सनल केअर म्हणजे शाम्पू, असं मी धरून चाललो. त्यांनी साबण, टूथपेस्ट, डिओ, रेझर आणि कंगवा धरला होता. 6 महिने मी कॅमेऱ्यासमोर दात घासल्याची कबुलीसुद्धा दिली नाही. पैसे 90 दिवसांनी मिळायचे होते. ते इनव्हॉइस पाठवल्यापासून नव्हे, इनव्हॉइस अप्रूव्ह झाल्यापासून, आणि अप्रूव्ह कोण करतं हे कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रँड म्हणे एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणे ब्रँडकडून यायचेत. भागीदारी 19 दिवसांची, वसुली 7 महिन्यांची. दीर्घकालीन संबंध म्हणतात तो हाच असावा.

ब्रीफच्या, म्हणजे पोस्ट कशी करायची याच्या ब्रँडकडून आलेल्या सूचनांच्या बाबतीत दोन पंथ आहेत. पहिला न वाचण्याचा. दुसरा स्कॉट डिसिकचा. अमेरिकेतल्या रिअ‍ॅलिटी टीव्हीवरच्या या चेहऱ्याने 2016 च्या मे महिन्यात इन्स्टाग्रामवर एका प्रोटीन शेकची पोस्ट टाकली. दुपारी 4 वाजता खालचा मजकूर लिहा, ही त्याला आलेली सूचनाही कॅप्शनमध्ये जशीच्या तशी आली. जग हसलं. मला मात्र त्याचा आदर वाटला. ब्रँडच्या शब्दावर इतका आंधळा विश्वास टाकणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

प्रॉडक्ट वापरून बघण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका. अमेरिकेतल्या टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्रींनी 2012 च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबलेटची ट्विटरवर तोंडभरून स्तुती केली, भेट द्यायला 12 घेतलेसुद्धा. ट्विटखाली उमटलं होतं की ते आयपॅडवरून आलंय. त्यांनी निदान विकत तरी घेतले होते. आपण खोक्याचं प्लास्टिकही फाडायचं नाही. खोकं गालाला लावायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, ‘माझ्या त्वचेत 7 दिवसांत फरक पडला.’ पडतोही. प्लास्टिक टोचतं.

जाहिरात आहे हे सांगायचं का, हा नाजूक मुद्दा. नियम ठिकठिकाणी वेगळे असले तरी सूर एकच: बघणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही अशा जागी, त्याला कळेल अशा भाषेत सांगा. ‘आणखी वाचा’च्या खाली 23 हॅशटॅगांच्या गर्दीत, ‘पहाट’ आणि ‘कृतज्ञता’ यांच्यामध्ये कोंबलेला ‘कोलॅब’ त्यात बसत नाही. मी तो तिथेच कोंबतो. शिवाय माझ्याकडे दाखला आहे. रिॲलिटी टीव्हीवरच्याच किम कार्दशियन यांनी इथेरियममॅक्स या क्रिप्टो टोकनची पोस्ट केली, तिच्यात ‘ॲड’ हा हॅशटॅग चक्क होता. तरी 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाशी तडजोड करताना त्यांनी 12 लाख 60 हजार डॉलर भरायचं मान्य केलं. कारण गुंतवणुकीच्या बाबतीत तिथे नुसतं ‘जाहिरात’ म्हणून भागत नाही, किती पैसे घेतले तेही सांगावं लागतं, आणि अडीच लाख डॉलर घेतल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं. यावरून शहाण्याने कायदा समजून घेतला असता. मी असा अर्थ काढला की सांगूनही दंड होतोच, तर सांगा कशाला.

पोस्ट पडली की तुमचं काम संपलं. फोन बंद करा. ब्रँडवाले लगेच आकडे मागतात: किती जणांनी पाहिलं, किती लिंकवर गेले, कूपन कोड किती वेळा लागला. माझा एक मित्र प्रत्येक मोहिमेनंतर न मागता दोन पानी रिपोर्ट पाठवतो. पडलेले आकडेही त्यात असतात, का पडले याचा अंदाजही असतो, आणि पुढच्या वेळी काय बदलून पाहू तेही. 4 वर्षं तो एकाच ब्रँडबरोबर आहे, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे येतात. किती कंटाळवाणं आयुष्य. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचंही तेच. 1984 मध्ये नायकेशी जमलं, तेव्हापासून बुटांवर तेच एक नाव. माणसाला काही विविधता हवी की नको?

विविधता मी जपली आहे. मंगळवारी एका शाम्पूला ‘आजवरचा सर्वांत बेस्ट’ म्हणालो, एक्सक्लुझिव्हिटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. खाली एकाने लिहिलं, ‘दादा, मागचा वापरून माझे केस गळले, तुम्ही म्हणालात म्हणून घेतला होता.’ त्याला मी लाल बदाम पाठवला. त्याने पुन्हा विचारलं. मग कॉमेंट उडवली, वातावरण सकारात्मक राहावं म्हणून. असे लोक नंतर काही विकत घेत नाहीत हे खरं. ब्रँड ज्याचे पैसे देतो ते नेमकं याच माणसाचं ऐकणं असतं, हेही कुठेतरी ऐकलंय. पण फॉलोअर्सचा आकडा तर तेवढाच राहतो ना? तो अनफॉलो करायलाही विसरलाय.

राहता राहिली माणसं. सगळे म्हणतात, नातं ब्रँडशी नसतं, तिथे बसलेल्या माणसाशी असतं, आणि ते माणूस नोकरी बदललं की तुमचं नावही बरोबर घेऊन जातं. मी हे कधी मनावर घेतलं नाही. त्या 19 दिवसांतल्या मॅनेजरबाईंनी कॅप्शनमधलं ब्रँडचं चुकलेलं स्पेलिंग सुधारायला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी स्टोरी टाकली: ‘काही ब्रँडना कलेची कदर नसते.’ नाव घेतलं नव्हतं. टॅग केलं होतं. त्यानंतर त्या रजेवर गेल्या, आणि रजेवरून परतल्या त्या दुसऱ्याच कंपनीत, मोठ्या हुद्द्यावर, मोठं बजेट घेऊन.

परवा त्याच कंपनीतून मेल आला. त्यांना म्हणे क्रिएटर हवेत, वर्षभराचं रिटेनर, म्हणजे ठरलेल्या मानधनावरचं काम आहे, दीर्घकालीन भागीदारीत रस आहे का? सही त्याच बाईंची. मी खुर्चीतून उठलोच. मग वरची ओळ पुन्हा वाचली. मायना माझ्या त्या दोन पानी रिपोर्टवाल्या मित्राच्या नावाने होता. पत्ता टाकताना घोळ झाला असणार, नाव बदलायचं कधीकधी राहून जातं.

मी 5 मिनिटांत होकार कळवला. खाली सही मित्राच्याच नावाने केली. आणि भावना पोहोचाव्यात म्हणून एक ओळ जोडली: मी लहानपणापासून तुमचंच प्रॉडक्ट वापरतो.