चांदीचं इंजिन कसं बांधावं

आजोबांची जीप दारात आहे? इंजिन खोललंय? मग पिस्टनला शाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं बसवायची सोपी रीत सांगतो. गेल्याच महिन्यात एका मिस्त्रीला रोख पैसे मोजून शिकलोय.

मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, आधी लांब ठेवा. शाफ्टच्या ज्या गुळगुळीत भागावर बेअरिंग बसतं, त्या जर्नलवरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि "स्टँडर्डच आहे मालक" म्हणायचं. उभा जन्म सुतात मोजलं, आता थाऊचे, इंचाच्या हजाराव्या भागाचे, लाड कशाला?

रॉड शाफ्टवर आवळणाऱ्या चारही कॅपा एकाच घमेल्यात डिझेलमध्ये टाका. त्यांच्यावरचे आकडे कंपनीनं हौसेनं ठोकलेत.

नट मोजून आवळायचा टॉर्क रेंच बायकी काम. पान्ह्याला पाइप लावा.

फट मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याचं, प्लास्टिगेजचं, नाव काढणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजा.

आता मुख्य विद्या. शाफ्ट झिजलाय, बेअरिंग ढिलं लागतंय, तर ग्राइंडिंगला पाठवून दहा किंवा वीस थाऊ अंडरसाइझचा, म्हणजे घासून बारीक केलेल्या शाफ्टला बसणारा, बेअरिंगचा सेट मागवायच्या भानगडीत पडू नका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी कात्रीनं कापा, बेअरिंगच्या पाठीला चिकटवा, कॅप आवळा. झालं फिट! बेअरिंगची पाठ रॉडला घट्ट टेकली तरच त्याची उष्णता बाहेर जाते, हे पुस्तकातलं. आपल्याकडे शेतातल्या पंपाच्या इंजिनाला चालतंय तर जीपला का नाही? चालतं की. लातूरहून तुळजापूरला निघालो, औसा ओलांडेपर्यंत चाललं. मग बारीक टकटक, मग हातोडा. चांदी चुरगळली, बेअरिंग जागेवरून फिरलं, ऑइलचं भोक बुजलं. दोन इंचांच्या जर्नलला एक-दोन थाऊची फट लागते हो, डोक्याच्या केसाहूनही कमी! तिथं तुम्ही, मिस्त्री, पाकिटाचा कागद कोंबता? आई मागच्या सीटवर ओटीचं ताट धरून, दुपारचं ऊन, आणि तुम्ही फोनवर म्हणता, "ऑइल कोणतं टाकलं होतं?"

बास झालं. थट्टा जमेना मला.

1962 ची जीप आहे ती. सीजे-थ्री-बी, हरिकेन इंजिन. दहा थाऊ घासून भागलं असतं तो शाफ्ट आता तीसवर उतरवलाय, रॉडही एक बदलला. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात जोडीनं कापलेली असते, अदलाबदल केली की भोक गोल राहत नाही, एवढं तीस वर्षं पान्हा धरणाऱ्याला कळू नये? येत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, मिस्त्री. मी सोलापूरला नेली असती. आणि मायक्रोमीटर नव्हता असंही नाही. तुमच्याच भिंतीवर, देवाच्या फोटोखालच्या फळीवर पेटी होती. तिच्यावर बोटभर अगरबत्तीची राख साचली होती.