‘सेमच असतोय’ म्हणून टेन्शनर गळ्यात मारणाऱ्यांनो, जरा कव्हर खोलून बघा

सेम म्हणे! ‘पावणं, कंपनीच्या बॉक्समध्ये पण ह्योच येतोय, फुकटचं जादा पैसं कशाला घालताय?’ साताऱ्यातल्या एका स्पेअरच्या काउंटरवर हे ऐकवून दिलेला टायमिंग चेनचा टेन्शनर आत्ता समोर ट्रेमध्ये पडलाय. इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनशी मेळ राखून उघडतात ते या चेनमुळं, आणि टेन्शनर ती ताणून धरतो. १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा. बसवून फार दिवस झालेले नाहीत, आणि सगळं परत खोलावं लागलंय. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत ‘ओईएम क्वालिटी’ (म्हणे गाडी कंपनीला पुरवतात त्याच दर्जाचा), बॉडीवर ना पार्ट नंबर, ना बनवणाऱ्याची खूण. प्लंजर, म्हणजे चेनवर दाब देणारा दट्ट्या, बाहेर ओढून अंगठ्यानं दाबला तर सरळ आत जातोय, त्याला मागं सरकू न देणारं दातेरी रॅचेट धरतच नाही; दात गोल झालेत. प्लंजरच्या एकाच बाजूला उभे ओरखडे, म्हणजे तो सरकतो त्या बोअरचं मशीनिंगच वाकडं. तेल भरून दाबला तर तेल परत जाऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हचा बॉल बसत नाही, तेल मागच्या भोकातून परत बाहेर. सोबत दिलेल्या गाइडवर, म्हणजे चेन घासत जाते त्या पट्टीवर, चेननं चर पाडलाय आणि त्या प्लास्टिकचा भुगा तेल गाळणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीवर.

यातलं नक्की काय सेम होतं?

इंजिन बंद झालं की ऑइल प्रेशर शून्य. तेव्हा चेन ताणून धरायची ती स्प्रिंगनं, रॅचेटनं आणि चेक व्हॉल्व्हनं आत अडवलेल्या तेलानं. जानेवारीत सकाळी सेल्फ मारला की पंपाचं तेल टेन्शनरपर्यंत पोचेतोवर चेन याच तिघांच्या भरवशावर फिरते. तिथं स्प्रिंग नरम, बॉल गळका आणि दात कच्चे असले की खडखडाट होणारच. आज दोन सेकंद, पुढे पाच. मग एक दिवस चेन स्प्रॉकेटचा (दातेरी चाकाचा) दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि हेड उतरतं. पार्टमध्ये वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट लेबर, वर मशीनशॉपचं बिल वेगळं. दुकानदार काय देतो? ‘पीस बदलून देतो की!’ आणि पुली, कव्हर, चेंबर, सील, नवं ऑइल? ते गाडीमालकानं भरायचं!

आफ्टरमार्केट, म्हणजे गाडी कंपनीच्या बॉक्सबाहेरचा माल, सगळाच भंगार असं कुणी म्हणत नाहीये. आयएनए, त्सुबाकी, बोर्गवॉर्नर, इविस हे गाडी कंपन्यांनाच चेनचं सामान पुरवतात आणि स्वतःच्या नावानंही विकतात. आपल्या इंजिनाला मुळात ज्याचा टेन्शनर लागून आला, त्याचाच त्याच्या पॅकिंगमध्ये मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, चार पैसे वाचतील. नाहीतर कंपनीचाच. पुण्याहून यायला चार दिवस लागले तर गाडी चार दिवस उभी राहू दे. चीड आहे ती या बिननावाच्या मालाची. आणि त्याहून जास्त काढीव मालाची. भंगारातल्या इंजिनाचा टेन्शनर डिझेलनं धुऊन ‘ओरिजिनल आहे, फक्त वापरलेला’ म्हणून विकतात. प्लंजर आधीच किती झिजलाय हे कोण सांगणार?

मिस्त्री लोकही कमी नाहीत. चेन वाजतेय म्हणून नुसता टेन्शनर बदलायचा, ताणलेली चेन आणि चर पडलेले गाइड तसेच ठेवायचे. मग नवा प्लंजरही शेवटच्या दातापर्यंत बाहेर येतो आणि थोड्याच दिवसांत तीच खडखड. जुना टेन्शनर काढायच्या आधी प्लंजर किती बाहेर आलाय ते बघा, चेन किती लांबलीय ते तिथंच कळतं. पी ००१६ कोड (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ चुकल्याचा इशारा) आला की कॅम सेन्सर बदलून मोकळे! चेन कुणी बघायची? ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल लागणाऱ्या इंजिनात ‘जाड ऑइल घाला, आवाज दबतो’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओततात. ते थंडीत टेन्शनरपर्यंत आणखी उशिरा पोचतं. कव्हरला सिलिकॉन असा थापतात की आतल्या बाजूला आलेले तुकडे सुटून स्ट्रेनरवर बसतात आणि तेलच अडतं. मग नाव कुणाचं? टेन्शनरचं.

स्विफ्ट, व्हिस्टा, लिनियातलं १.३ मल्टीजेट डिझेल इंजिन तर फ्लायव्हील आणि कॅम लॉक करायचं टूल नसेल तर खोलूच नका. व्हाइटनरच्या खुणा करून ते टायमिंग बसत नाही.

बसवताना नव्या टेन्शनरचा प्लंजर आत धरून ठेवणारी पिन बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावरच ओढायची. मग क्रँक हातानं, फिरायच्याच दिशेनं, पूर्ण दोन फेरे. उलटा फिरवायचा नाही. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा जुळल्या पाहिजेत. चेनच्या रंगीत कड्या तेव्हा जुळत नाहीत, जुळायचं कारणही नाही. तरी ते बघून घाबरून परत सगळं खोलणारे आहेतच. शेवटी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून थांबून-थांबून सेल्फ मारा, तेल वर चढू द्या, मगच इंजिन सुरू करा.

आणि काउंटरवाल्यांनो, बिलावर ‘टेन्शनर, १ नग’ एवढंच खरडू नका. बनवणाऱ्याचं नाव लिहा, पार्ट नंबर लिहा, आणि पीस फेल गेला तर लेबर कोण भरणार तेही लिहा. सेमच आहे ना? मग लिहायला हात का थरथरतो?