जनगणना आणि चर्चमधील रिकामे बाक

'२०११च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक चर्च सोडत आहेत', असा मजकूर रिकाम्या बाकांच्या छायाचित्रासह नाशिकच्या मंडळींमध्ये व्हॉट्सॲपवर फिरत आहे. जनगणनेत धर्म विचारला जातो, रविवारच्या उपासनेची हजेरी नव्हे. शिवाय देशातील ख्रिस्तींचे प्रमाण २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी सुमारे २.३ टक्केच होते. तरुण मंडळी नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला जातात आणि पुढे नाताळातच दिसतात, ही चिंता मात्र खरी आहे. उपासनेत टाळ-तबल्यासह भजने आणून त्यांना पुन्हा जोडण्याच्या प्रयत्नाला त्याच मजकुरात 'नवे थेर' म्हटले आहे, तेही चुकीचे आहे: नाशकात शिकलेले रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९मध्ये निवर्तले, तोवर त्यांची मराठी भजने चर्चमध्ये रुळली होती.