साक्ष देण्याची घाई

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका ख्रिस्ती सभेत चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलाला व्यासपीठावर उभे करण्यात आले आणि हातात माइक देऊन, बापाने त्याला कसे मारले, घरात काय काय घडले आणि आता त्याने त्या बापाला प्रभूच्या नावाने कशी क्षमा केली आहे, हे सर्वांसमोर सांगायला लावण्यात आले. आमच्याकडे याला 'साक्ष देणे' म्हणतात. मुलगा बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, 'हल्लेलुया' म्हटले. मी मागे बसलो होतो आणि माझे लक्ष त्याच्या शब्दांवर कमी, त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर अधिक होते. तो अंगठा सतरंजीत सारखा रुतत होता. त्याच वयात अशाच एका सतरंजीवर मीही उभा राहिलेलो आहे, म्हणून हे लिहितो आहे.

माझा जन्म 1980 चा, बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरातला. दसरा झाला की आमचे अर्धे गाव घरांना कुलपे लावून ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्राकडे निघते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, सुटका नसते. आजारपणात दिवस बुडाला तर त्याचा खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. आईबाप पहाटे तीन-चारला फडात जात आणि मी पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळत असे. हे कष्ट मी दुःखात मोजत नाही, कारण ते सगळ्या टोळीच्याच वाट्याला आलेले होते. माझे दुःख रात्री सुरू होई. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या गव्हाणीवर उसाची गाडी खाली करून परतत, तेव्हा आधी मळीचा वास येई आणि मग बैलांच्या घुंगरांचा आवाज. तो वास कारखान्याचा की अण्णांच्या तोंडाचा, हे मला ओळखता येत नसे. देशी दारू मळीपासूनच बनते, हे पुष्कळ नंतर समजले.

1989 च्या हंगामात एका रात्री भाऊ तापाने रडत राहिला आणि मला तो गप्प करता आला नाही, म्हणून अण्णांनी मला ओल्या कासऱ्याने मारले. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. अण्णांच्या हातापेक्षा मायचा तो न थांबलेला हात मी जास्त वर्षे मनात बाळगला. ती मध्ये पडली असती तर तिघांनाही मार बसला असता, हे कळायला मला स्वतः बाप व्हावे लागले.

1991 साली मायने मला जालन्याला मावशीकडे आणून सोडले. मावशी लग्नानंतर ख्रिस्ती मंडळीत आलेली होती आणि एका दवाखान्यात आयाचे काम करीत होती. जालन्याच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले होते. हे नाव बायबलमधल्या एका गोष्टीतले: भावाच्या भीतीने घर सोडून पळालेला याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो आणि सकाळी उठून त्याच जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. ही गोष्ट मला मंडळीच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत प्रथम सांगितली गेली तेव्हा बाकीची मुले शिडीवरून चढ-उतार करणाऱ्या देवदूतांविषयी विचारत होती, आणि मी मात्र त्या दगडाचाच विचार करीत होतो.

मावशीकडे पहिल्या रात्री मी बाजेवर झोपलो नाही, बाजेखाली झोपलो. मारापासून वाचायची जागा मला तेवढीच ठाऊक होती. मावशीने मला बाहेर ओढले नाही, कारणही विचारले नाही. तिने आपले अंथरूण बाजेशेजारी जमिनीवर टाकले आणि दिवसभर दवाखान्यात फरशी पुसून आलेली ती बाई त्याच गार फरशीवर झोपली. असे आठ-दहा दिवस चालले. मग एके रात्री मी आपणहून वर झोपलो, तेव्हा तिने काहीही न बोलता आपले अंथरूणही वर घेतले. शुभवर्तमान कधी ऐकलेस, असे मला कोणी विचारले की मी सांगतो ते त्या फरशीविषयी. पुढे ऐकलेली सगळी प्रवचने त्या मानाने फिकी आहेत.

प्रार्थनेची अडचण मात्र मोठी होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेची सुरुवातच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी आहे. आमच्या गावाकडे 'पिता' हा शब्द बापासाठी कोणी वापरत नाही; तो ऐकू येई तो 'दारू पिता पिता' यात. अकरा वर्षांच्या माझ्या डोक्यात स्वर्गातही कोणी पिणारा बसला आहे आणि त्याचीच इच्छा पूर्ण होवो असे आपण म्हणतो आहोत, असा गोंधळ झाला होता. आज हसू येते, पण तेव्हा मी ती पहिली ओळ गाळून थेट रोजच्या भाकरीपासून सुरुवात करीत असे. मावशीच्या हे ध्यानात आले तेव्हा ती रागावली नाही. ती ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने म्हणत असे आणि टिळकांनी ख्रिस्ताला 'माउली' म्हणून हाक मारली आहे. तूही तीच हाक मार, एवढेच ती म्हणाली. ज्या मुलुखात गंगाखेडची जनाबाई जन्मली, लहानपणीच परक्या घरी ठेवली गेली आणि तिने विठ्ठलालाच आपले माहेर मानले, त्या मुलुखातल्या पोराला ही हाक परकी वाटण्याचे कारण नव्हते. आई आपल्या लेकराचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन, असे यशयाच्या ग्रंथात देव स्वतःच म्हणतो. 'पित्या' हा शब्द मी मोठ्याने उच्चारला तो वयाच्या तिशीनंतर.

माझ्या बाबतीत बरे होणे हे असे झाले: सावकाश, एकेका शब्दाने, आणि पुष्कळदा मागे जाऊन. म्हणूनच घाईचा मला राग येतो. मी सोळा वर्षांचा असताना एका जागृती सभेत बाहेरगावच्या वक्त्याने मला पुढे बोलावले आणि 'मी माझ्या वडिलांना क्षमा केली आहे' हे वाक्य तीन वेळा म्हणायला लावले. तिसऱ्या वेळी माझा आवाज मोठा निघाला आणि लोक रडले. त्या रात्री मी पाच वर्षांनी पुन्हा बाजेखाली झोपलो. क्षमा हा ख्रिस्ती जीवनाचा गाभा आहे, याविषयी मला शंका नाही. पण जखम धुण्याआधी तिच्यावर पट्टी बांधली तर आत काय होते, हे दवाखान्यातली आयासुद्धा सांगू शकते. मुलांना 'आपल्या आईबापांचा मान राख' ही आज्ञा ऐकवून गप्प करणारे लोक, इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात त्याच आज्ञेच्या मागोमाग बापांना दिलेली ताकीद, मुलांना चिरडीस आणू नका ही, का वाचून दाखवत नाहीत?

त्या जागृती सभेनंतर आमच्या मंडळीच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मला घरी बोलावले, चहा दिला आणि बायबलमधले 88 वे स्तोत्र वाचायला सांगितले. एकशे पन्नास स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, पण त्यातली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. मी विचारले, पुढे काय? ते म्हणाले, पुढे काही नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाशी भांडणाऱ्या माणसाची तक्रार मंडळीने हजारो वर्षे कात्री न लावता जपून ठेवली आहे, या एका गोष्टीने मला जेवढा आधार दिला तेवढा कोणत्याही साक्षीने दिला नाही.

याबाबत पंडिता रमाबाईंकडून शिकण्यासारखे आहे. दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेलेली पाहिलेली ही बाई. केडगावच्या मुक्ती या आपल्या आश्रमात तिने दुष्काळातल्या मुली आणल्या तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र, शाळा आणि हाताला काम दिले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून साध्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर छापले गेले ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्या मुली-बायकांच्या हातांनी. खिळे जुळवणाऱ्या त्या हातांना आपली कथा सांगण्याआधी एक कामही मिळाले होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

काही गोष्टी प्रार्थनेने झाल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. माझ्या मुलीच्या जन्मानंतर मला रात्री दरदरून घाम सुटू लागला, तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे दीड वर्ष जात होतो आणि गोळ्याही घेतल्या. मंडळीतल्या काहींना तो माझ्या विश्वासाचा कमकुवतपणा वाटला. मधुमेहाची गोळी मात्र हेच लोक प्रार्थना करून न चुकता घेतात. आमच्या वसतिगृहांच्या भिंतींवर वचने रंगवलेली असतात; त्यांच्याशेजारी संकटातल्या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 हा फोन क्रमांकही तेवढ्याच ठळक अक्षरांत असावा.

आणि जे म्हणतील की हा लालूच दाखवून बाटवलेला माणूस आहे, त्यांच्यासाठी एवढेच: आमच्या जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. मला मिळाले ते बाजेशेजारचे अंथरूण.

माय 2004 साली गेली. अण्णा गावात असतात, दारू सुटली आहे, हात थरथरतात. दिवाळीनंतर मी दोन दिवस जाऊन येतो. आम्ही पाऊस, कापूस आणि यंदा टोळ्या कोणत्या कारखान्याला गेल्या याविषयी बोलतो. गेल्या खेपेला मी निघताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले, "तुह्या देवाला माह्यासाठी काही म्हणतूस का कधी?" मी खोटे बोलू शकलो असतो.

"अजून न्हाई, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, "बरं," म्हणाले, आणि शेळीला पाला टाकायला उठले.