सुपरमॅन: मुलाखत फर्मास, मधला भाग पसरट

एका परीक्षणात ‘नव्या सुपरमॅनला पटकथाच नाही’ असं म्हटलंय, ते अर्धंच पटलं. दिग्दर्शक जेम्स गनने (2025) सुपरमॅनच्या जन्मग्रहाचा, क्रिप्टनचा स्फोट, शेतावरचं बालपण हे सगळं गाळून थेट पहिल्या पराभवापासून सुरुवात केली, हे बरंच केलं. पत्रकार लोइस क्लार्कची, म्हणजे सुपरमॅनचीच, मुलाखत घेते तो प्रसंग तर चित्रपटाचा कणाच. परवानगीशिवाय दुसऱ्या देशाच्या युद्धात का पडलास, या प्रश्नावर तो चिडतो, आवाज चढतो आणि सुपरमॅन झालेला डेव्हिड कॉरेनस्वेट तिथे खरा माणूस वाटतो.

गाडी घसरते ती पॉकेट युनिव्हर्समध्ये, म्हणजे खलनायकाने बनवलेल्या छोट्या कृत्रिम विश्वात. सगळंच संगणकावरचं, त्यामुळे वजन जाणवत नाही. उड्डाणात वाइड लेन्स चेहऱ्याला इतकी चिकटवलीय की नाक मोठं, कान मागे! थ्रीडीत पडदा अंधारतो, म्हणून टूडीच बघा, मागच्या रांगेतून.

आणि सेन्सॉरने शेवटचं चुंबन कापलं, तिथे दृश्य धाडकन तुटतं. पणजीत नोव्हेंबरात भरणाऱ्या इफ्फीतल्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातल्या चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट, म्हणजे पणजीकर नोव्हेंबरात सज्ञान आणि जुलैत, हा चित्रपट लागला तेव्हा, बाळ!

सुपरमॅनसोबतचा कुत्रा क्रिप्टो मात्र झकास.