बोलल्याशिवाय संघ जमत नाही: कबड्डीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

दिवाळी झाली, भातं झोडून झाली, की आमच्या गुहागर-दापोलीच्या पट्ट्यात कबड्डीचे सामने सुरू होतात. त्याच सुमाराला मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. यंदा तो मला चार ग्रुपवर आला. म्हणणं थोडक्यात असं: खऱ्या संघाला मैदानात बोलावं लागत नाही, नजरेनेच कळतं. एका वाडीत वाढलेल्या पोरांत केमिस्ट्री रक्तातच असते. मैदानात आवाज एकट्या कर्णधाराचा हवा. चुकला त्याला तिथल्या तिथे सर्वांसमोर झापा. आणि तरीही जमत नसेल तर एक सहल काढा. शेवटची ओळ अशी: ‘आपल्या रापणकरांनी कधी मीटिंग घेतली होती का?’ (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं.)

मी बरीच वर्षं गावातल्या पोरांना कबड्डी शिकवतो. हा मेसेज खरा मानून खेळणारी पोरं मी हरताना पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘नजरेने कळतं’ हे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. आपल्या अर्ध्या भागात सातजण उभे, समोर एक चढाईपटू, त्याच्याकडे ३० सेकंद. कोपऱ्यावरच्या पोराला त्याची टाच दिसते, कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या कव्हरला त्याची छाती आणि खांदे दिसतात. सगळं कोणालाच दिसत नाही. कोपऱ्याने घोट्याला हात घातला आणि त्याच क्षणी कव्हर अंगावर आला नाही, तर चढाईपटू कोपऱ्याला ओढत मध्यरेषेवर पोचतो. आणि दोघेही एकमेकांना न सांगता एकदम उठले, तर बचावपटूंनी हात धरून केलेली साखळी तुटते आणि मधली वाट मोकळी होते. आमच्याकडे निम्मे गुण असेच जायचे. पकड कच्ची म्हणून जायचे असं आम्ही कितीतरी दिवस समजत होतो, आणि पोरांकडून उठाबशा काढून घेत होतो.

मोठ्या संघांत नजर चालते, हे खरं आहे. मात्र ती चालते कारण त्या नजरेचा अर्थ आधी बसून ठरवलेला असतो. आम्ही साखळीतल्या हाताची खूण ठरवली: एकदा दाबला तर थांब, दोनदा दाबला तर घे. चढाईपटूला ऐकू जात नाही, दिसत नाही. पण ही खूण पोरांच्या हातात बसायला दीड महिना गेला, आणि त्या दीड महिन्यात आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या तीन वर्षांत बोललो नव्हतो.

काही गोष्टी तर तोंडाने ओरडूनच सांगाव्या लागतात. बोनस, म्हणजे चढाईपटूने बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच मिळतो. आपले दोन बाद होऊन पाच उरले, की बोनस रेषेची राखण करण्यात अर्थ नाही, सगळी मांडणी बदलते. झटापटीच्या धांदलीत कोण मोजणार? आमच्याकडे डाव्या कोपऱ्याचं काम ठरलेलं आहे, त्याने मोठ्याने ‘पाच!’ म्हणायचं. तीनच उरले तर ‘तीन!’, कारण तेव्हा चढाईपटूला पकडलं तर अव्वल पकडीचा जादा गुण असतो. तसंच ‘लॉबी!’ लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडेची पट्टी; झटापट झालेली नसताना तिथे पाय पडला की बचावपटू बाद. मागून येणाऱ्या एका हाकेने असे गुण वाचतात.

चढाईपटूचं तर आणखी अवघड. त्याच्या तोंडात ‘कबड्डी’शिवाय दुसरा शब्द येऊ शकत नाही. आणि तो पलीकडे असताना आपल्या बाजूने त्याला सूचना दिली, तर नियमाप्रमाणे गुण समोरच्याला जातो. म्हणजे त्याच्याशी जे बोलायचं ते त्याने रेषा ओलांडायच्या आधीच. ‘उजवा कोपरा पुढे सरकतोय, तिकडून जा’ एवढं एक वाक्य. न बोलणाऱ्या संघाचा चढाईपटू दर वेळी एकटाच जातो, एकट्यालाच सुचेल ते करतो आणि एकटाच शिव्या खातो.

रापणीचं उदाहरण देणाऱ्याने रापण दुरूनच पाहिली असावी. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पहाटे उभं राहून बघा. जाळ्याची दोन टोकं दोन बाजूंनी ओढायची असतात. एक बाजू घाईत आली तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. म्हणून इकडून तिकडे सारखी हाक चालू असते. मीटिंगची गरज पडत नाही, कारण काम चालू असताना कोणी गप्प बसत नाही.

आता ‘केमिस्ट्री रक्तातच असते’. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण ऐकायला गोड आहे. आमच्या संघातले चार गावात राहतात, बाकीचे मुंबईला. नालासोपारा, दिवा, भांडुप. शुक्रवारी रात्री गाडी पकडून शनिवारी सकाळी उतरतात आणि संध्याकाळी मैदानात. वाडी एक असेल, पण गेले आठ महिने एकत्र खेळले कुठे? लहानपणी एका विहिरीवर पोहल्याने कोपरा कधी उठणार हे कव्हरला कळत नाही. शिवाय वाडी एक म्हणजे भावकीही एकच. आमच्या उजव्या कोपऱ्याच्या आणि कव्हरच्या घरांत कलमांच्या बांधावरून अबोला होता. दोघं शेजारी उभे राहायचे, हात धरायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. तो अबोला चढाईपटूला आमच्याआधी कळला. सारखा त्याच बाजूला यायचा.

याउलट, २०१८ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा आठवा. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. देश परका, भाषा परकी. मुलींशी थेट बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या. तिथे रक्ताचं काय नातं होतं? पराभव आपला होता, वाईट मलाही वाटलं. पण आमच्या पोरांना मी ही गोष्ट दर हंगामात सांगतो.

कर्णधाराच्या एकट्या आवाजाबद्दल. पंचांशी बोलणं हे त्याचंच काम, त्यात दुमत नाही. पण कबड्डीत कर्णधारही बाद होतो आणि रेषेबाहेर जाऊन बसतो. आमचा कर्णधारच पहिला चढाईपटू आहे, एकेका डावात तीन-चार वेळा तो बाहेर असतो. तेव्हा उरलेल्यांनी मुकाट्याने उभं राहायचं का? आम्ही क्रम लावला आहे: कर्णधार, तो नसेल तर डावा कोपरा, तोही नसेल तर उजवा कव्हर. आणि मोजणी, लॉबी, ‘थांब’ हे ज्याला दिसेल त्याने सांगायचं, वय बघायचं नाही. सतरा वर्षांच्या पोराने तिशीच्या दादाला ‘थांब’ म्हणायला आमच्याकडे फार वेळ लागला. आपल्याकडे मोठ्याला अडवत नाहीत ना. त्या दादानेच एके दिवशी सरावात सांगितलं, ‘मैदानात मला दादा म्हणू नको, नुसतं थांब म्हण.’ तिथून पोरं मोकळी झाली.

झापण्याचं म्हणाल, तर एक चढाई संपली की पाच सेकंदांत दुसरी सुरू करावी लागते. त्या पाच सेकंदांत मागचं उगाळलं तर पुढचं कधी सांगणार? आणि गावच्या सामन्यात दोरीच्या पलीकडे आई, बहीण, शेजारी बसलेले असतात. त्यांच्यासमोर झापलेला पोरगा पुढच्या वेळी घोट्याला हातच घालत नाही, चूक नको म्हणून. मी स्वतः असं झापलं आहे, आणि एक चांगला कोपरा दोन हंगाम घाबरत खेळताना पाहिला आहे. आता मध्यंतराच्या पाच मिनिटांत प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो, तीही पुढच्या डावाबद्दलची. बाकीचं दुसऱ्या दिवशी, बाजूला घेऊन.

सहल जरूर काढा. मजा येते. पण मुरुडच्या किनाऱ्यावर एकत्र जेवल्याने ‘पाच!’ कोणी ओरडायचं ते ठरत नाही.

येत्या शनिवारी आमचा पहिला सामना आहे. मुंबईची पोरं गाडीत बसली की रात्री साडेदहाला सगळ्यांना एकत्र फोन लावायचा असं ठरलं आहे. कोणाच्या तोंडी कुठली हाक, हे प्रत्येकाने आपापलं म्हणून दाखवायचं. कोपरा आणि कव्हर, दोघांनाही आधी बोलायला लावणार आहे.