‘स्वस्त शोल्डर रिग म्हणजे पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्यांना

व्हिडिओ शूट करणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. पाठवणारे बदलतात, दोन-चार शब्द इकडचे तिकडे होतात, पण गाभा तोच: स्वस्त शोल्डर रिग, म्हणजे कॅमेरा खांद्यावर टेकवून धरायचा रॉड, गादी आणि हँडलचा सांगाडा, घेणं म्हणजे पैसे पाण्यात. कारणं पाच दिलेली असतात. हलकी रिग हलणारच, ती जड हवी. मागे लावायचं वजन म्हणजे उगाच ओझं. प्लॅस्टिक दिसलं की नाद सोडायचा. घ्यायचीच तर मॅट बॉक्स (लेन्सवरचा नको तो उजेड अडवणारी चौकट), फॉलो फोकस (फोकस फिरवायचं चाक), केज (कॅमेऱ्याभोवतीची चौकट) असा पूर्ण संच घ्या. आणि मुळात कॅमेऱ्यातच स्टॅबिलायझेशन, म्हणजे थरथर आपोआप कमी करायची सोय, असताना रिग हवीच कशाला?

पाचातलं एकही कारण हवेतून आलेलं नाही. प्रत्येकामागे कुणाचा तरी वाया गेलेला शॉट असणार. फक्त खापर चुकीच्या डोक्यावर फुटलंय.

मागच्या वजनापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

बातम्यांचे कॅमेरामन वर्षानुवर्षं खांद्यावर कॅमेरा घेऊन उभे राहिले. १९८२ साली आलेल्या सोनीच्या बीटाकॅमसारखे कॅमेरे बघा. पुढे लेन्स, मागे टेपचा भाग, पार शेवटी बॅटरी आणि खांदा साधारण मधोमध. कावडीसारखा प्रकार. कॅमेरा चांगला जड असायचा, पण तो कुठल्याच बाजूला कलायचा नाही. २००८ मध्ये निकॉन डी-९० आणि कॅनन ५डी मार्क टू आले, फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ शिरला आणि कॅमेरा खांद्यावरून उतरून छातीसमोर आला. शोल्डर रिगचा धंदा वाढला तो या अडचणीवर: खांद्यासाठी न घडवलेला कॅमेरा खांद्यावर कसा तोलायचा?

इथे तरफेचं शाळेतलं गणित पुरतं. समजा, लेन्ससकट कॅमेरा दीड किलोचा आहे आणि खांद्यापासून ३० सेंटिमीटर पुढे आहे. खांद्याच्या मागे २५ सेंटिमीटरवर वजन लावायचं तर ते १.८ किलो लागेल. तोच कॅमेरा १० सेंटिमीटर मागे ओढला, म्हणजे २० वर आणला, तर मागे १.२ किलोत भागतं. सहाशे ग्रॅम वाचले, तेही एक पैसा न खर्चता, नुसता कॅमेऱ्याला रॉडवर धरणारा क्लॅम्प सैल करून. मागे काहीच लावलं नाही तर पुढचा सगळा भार तुमचे दोन हात उचलणार. पहिली पाच मिनिटं काही जाणवत नाही. पंधराव्या मिनिटाला दंड थरथरायला लागतात आणि ती थरथर थेट फ्रेममध्ये उतरते. अशा वेळी लोक म्हणतात, रिग स्वस्त होती म्हणून हलली.

मग कॅमेरा आणखी मागे का घेत नाहीत? डोळ्यामुळे. मागचा स्क्रीन नाकाला टेकला तर दिसणार काय? साधारण २५ सेंटिमीटरच्या आत बघताना डोळ्याला ताण पडतो, आणि चाळिशी लागलेल्यांना तर त्याहून लांब लागतं. कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर असेल आणि तो डोळ्याला लावता येत असेल, तर कॅमेरा जवळ घेता येतो. शिवाय खांदा आणि दोन हात यांच्या जोडीला भुवईचा आणखी एक टेकू मिळतो. स्क्रीनवरच बघणार असाल तर तो बाजूला उघडतो का आणि उघडल्यावर डाव्या हँडलला अडतो का, हे आधी बघा. रिगच्या जाहिरातीत हे दिसत नाही, कारण फोटोत बहुतेक वेळा स्क्रीन बंदच असतो.

आता जडपणाचं. हा मुद्दा अर्धा खरा आहे. वजन असलेली वस्तू बारीक धक्क्यांनी लगेच हलत नाही, हे कबूल. पण शूटमध्ये सर्वांत जास्त त्रास देतं ते कॅमेऱ्याचं वळणं, म्हणजे तोंड किंचित वर-खाली किंवा डावी-उजवीकडे होणं. दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सवर तर हाच शत्रू. या वळण्याला विरोध किती होणार, हे वजन किती यापेक्षा ते मध्यापासून किती लांब आहे यावर जास्त ठरतं. वजन दुप्पट केलं तर विरोध दुप्पट होतो. तेच वजन दुप्पट अंतरावर नेलं तर चौपट. म्हणून पुढे कॅमेरा आणि मागे बॅटरी अशी दोन टोकांना वजन असलेली हलकी रिग, खांद्यावर गोळा होऊन बसलेल्या जाडजूड लोखंडापेक्षा शांत राहते. रिगचं स्वतःचं वजन हे बहुतेक वेळा फुकट वाहून नेलेलं वजन असतं. वजन हवंच असेल तर ते बॅटरीच्या रूपात घ्या, निदान कॅमेरा तरी चालेल.

प्लॅस्टिकबद्दल मी स्वतः पोळलेला माणूस आहे, त्यामुळे थोडं सविस्तर. माझी पहिली रिग अगदी स्वस्तातली होती. एका लांब मुलाखतीच्या शूटनंतर फुटेज बघत होतो. सुरुवातीला पाहुण्यांच्या मागचं कपाट सरळ उभं. दहा मिनिटांनी जरासं कललेलं. शेवटाकडे ते कपाट आता पडतंय की मग, अशी अवस्था. उजव्या हँडलचा सांधा माझ्या हाताच्या भाराने हळूहळू फिरत गेला होता आणि त्याच्याबरोबर मीही, काही न कळता. स्क्रू कमी आवळला होता म्हणावं, तर आणखी आवळल्यावर आटेच गेले.

दोष प्लॅस्टिकचा होता, पण सगळ्या प्लॅस्टिकचा नव्हता. त्या रिगची खांद्यावरची गादीही प्लॅस्टिकवरच बसवलेली होती आणि ती आजही शाबूत आहे, वापरतोय. गादीला फक्त दाब सोसायचा असतो. हँडलची मूठ प्लॅस्टिक-रबराची असली तरी बिघडत नाही. धातू हवा तो जिथे पीळ बसतो तिथे: रॉडला धरणारे क्लॅम्प, हँडलचा सांधा, कॅमेऱ्याखालची प्लेट. सांध्यात दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतील तर त्या आज ना उद्या घसरणार. समोरासमोर दाते असलेली चकती, जिला रोझेट म्हणतात, ती घ्या. दाते एकमेकांत बसले की सांधा फिरत नाही. ॲरी या कॅमेरा कंपनीच्या मापाचे रोझेट बरेच उत्पादक बनवतात, त्यामुळे हँडल एकाचं आणि क्लॅम्प दुसऱ्याचा असं जमून जातं.

मापाची हीच गोष्ट रॉडची. हलक्या रिगमध्ये १५ मिलिमीटर जाडीचे दोन रॉड आणि त्यांच्या केंद्रांमध्ये ६० मिलिमीटर अंतर, हे माप रूढ आहे. ते पाळणारी साधी रिग नंतर तुकड्यातुकड्याने सुधारता येते. आज क्लॅम्प बदला, पुढे कधी हँडल. भलत्याच मापाची रिग कितीही चकचकीत असली तरी तिचा एक स्क्रू हरवला की सगळी अडगळ.

पूर्ण संचाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मॅट बॉक्स आणि फॉलो फोकस दोन्ही पुढच्या टोकाला बसतात, म्हणजे मागे तेवढं वजन आणखी वाढवा. त्यात हल्लीच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सची फोकस रिंग नुसती गोल गोल फिरते, तिला थांबा नसतो. रिंग किती वेगाने फिरवली यावरही कधी कधी फोकस कमी-जास्त सरकतो. अशा लेन्सवर फॉलो फोकसला खुणा करून उपयोग काय? तो फोटोपुरता रुबाब आहे.

राहिलं कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन. स्थिर उभं राहून काढलेल्या शॉटला ते छान सांभाळतं, यात वाद नाही. पण पॅन करून, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवून बघा. हात वळायला लागतो, चित्र टिपणारा सेन्सर आधी ते हलणं समजून फ्रेम जागच्या जागी धरून ठेवतो, मग त्याची हद्द संपते आणि फ्रेम उडी मारून पुढे जाते. पॅन थांबवताना पुन्हा तसंच. वाइड लेन्सवर कडेच्या भिंती डुलल्यासारख्या दिसतात ते वेगळंच. एडिटिंगमध्ये स्थिर करू म्हणाल, तर तिथे कडा कापल्या जातात आणि धक्क्याच्या क्षणी आलेला धूसरपणा तसाच राहतो. रिग मुळातला धक्काच कमी करते आणि उरलेलं बारीकसारीक काम सेन्सरवर सोपवते. दोन्ही एकत्र वापरायला कुणी मनाई केलेली नाही.

एक मात्र मान्य करतो: चालत शूट करायचं असेल तर रिगकडून फार अपेक्षा ठेवू नका. पाऊल पडलं की खांदा खाली-वर होणार, कॅमेराही होणार. तिथे जिम्बल, म्हणजे मोटरवर कॅमेरा स्थिर ठेवणारी हातातली दांडी, सरस. पण तासभर भाषण किंवा तालीम शूट करायची असेल, तर जिम्बल हातात धरून उभं राहून दाखवा, मग बोलू.

रिग घेताना, किंवा परत करायची मुदत संपायच्या आत, एवढं करा. तुमचा नेहमीचा कॅमेरा, नेहमीची लेन्स लावून ती खांद्यावर घ्या. मागच्या रॉडला कापडी पिशवी अडकवा, तिच्यात लिटरची बाटली अर्धी पाण्याने भरून ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आता हँडलवरची बोटं सैल सोडा, पण हात खाली तयार ठेवा. कॅमेऱ्याचं तोंड खाली गेलं तर बाटलीत पाणी वाढवा किंवा कॅमेरा मागे घ्या. वर गेलं तर थोडं पाणी काढून टाका. तोल साधला की बाटलीचं वजन करा, मागे किती लावायचं ते कळलं. मग हँडल धरून थोडं पिळून बघा, सांधा कुरकुरतो का. बाटली भरूनही तोल येत नसेल, तर मागचे रॉड आखूड आहेत. बऱ्याच ॲल्युमिनियमच्या रॉडना टोकाला आटे असतात, त्यात दुसरा तुकडा जोडता येतो. माझ्या रिगला तसाच जोडलाय, आणि त्याच्या टोकाला अजून ती कापडी पिशवीच लटकते, आत बॅटरी आणि व्यायामाचं एक जुनं वजन.